हप्ता सप्टेंबरचा, सवलत नोव्हेंबरची

उद्यमबागेतल्या आमच्या शेडमधली दुसरी शिफ्ट बंद होऊन आता तीन महिने होत आले. शेड मोठी नाही. दोन व्हीएमसी, एक सीएनसी, आणि कोपऱ्यात आप्पांनी धंदा सुरू केला तो जुना लेथ. दुपारच्या शिफ्टला दोन पोरं होती. एक मच्छेचा, दुसरा चंदगड तालुक्यातला, रोज येऊन-जाऊन करणारा. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, दसरा गेला, आणि पुढच्या सोमवारी आप्पांनी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की काम आता एकाच शिफ्टपुरतं आहे. दिवाळीचे पैसे त्यांनी दोघांनाही दिले. चंदगडचा पोरगा सध्या चाकणला आहे.

आता गंमत बघा. आम्ही एकही नग अमेरिकेला पाठवत नाही. अमेरिकेत आपलं कोण आहे म्हणून आप्पांना विचारलं तर ते आत्याच्या मुलीचं नाव सांगतील. शिनोळीच्या एका फाउंड्रीतून पंपाच्या बॉडीचं कास्टिंग आमच्याकडं येतं. आम्ही बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून परत पाठवतो. फाउंड्री तो माल कोल्हापूरच्या कंपनीला देते, आणि ती कंपनी तो जोडून अमेरिकेला पाठवते. म्हणजे निर्यातदार ती कंपनी. आम्ही साखळीतली तिसरी कडी. पण ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला सही झाली आणि सप्टेंबरच्या शेड्युलमध्ये आमचे नग निम्म्यावर आले. झळ तिसऱ्या कडीपर्यंत पोचायला महिनासुद्धा लागला नाही. मदत पोचायला किती लागतो, त्यावर हे लिहितोय.

आधी काय झालं ते थोडक्यात, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना 'ट्रम्पनी ५० टक्के लावले' इतकंच माहीत आहे. २०२५ च्या ७ ऑगस्टला भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लागू झाला. रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के, ते २७ ऑगस्टपासून. हा दुसरा हुकूम निघाला ६ ऑगस्टला. मधे दिवस २१. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर २१ दिवसांत अमेरिकेच्या धक्क्याला लागतही नाही. शिवाय पोलाद आणि त्यापासून बनलेल्या वस्तूंवर ४ जूनपासून ५० टक्के लागलेच होते, आणि १८ ऑगस्टला त्या यादीत ४०७ नवीन कोड घातले गेले. मोटारीच्या सुट्या भागांवर मात्र ३ मेपासून २५ टक्के. म्हणजे एकाच भट्टीतून ओतलेल्या दोन कास्टिंगवर वेगवेगळा कर, कशाला जोडलं जाणार आहे त्यावरून. त्या महिन्यात फाउंड्रीवाल्यांचा अर्धा वेळ फर्नेसपाशी नाही, आपला माल कुठल्या कोडखाली बसतो ते शोधण्यात गेला.

मग तिकडचा खरीददार म्हणाला, कर मी एकटा सोसणार नाही, भाव कमी करा. कंपनीनं फाउंड्रीला सांगितलं, फाउंड्रीनं आप्पांना. आप्पांच्या खाली सांगायला कोण होतं? ती दोन पोरं.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. केलं, आणि कागदावर बरंच केलं. निर्यात प्रोत्साहन मिशन नावाची योजना २०२५ च्या १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पातच जाहीर झाली होती, २,२५० कोटींची तरतूद धरून. तिला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली १२ नोव्हेंबरला, तेव्हा ती सहा वर्षांसाठी २५,०६० कोटींची झाली. त्याच दिवशी निर्यातदारांना २०,००० कोटींपर्यंत जादा कर्ज मिळावं म्हणून बँकांना शंभर टक्के हमी देणारी योजना मंजूर झाली. दोनच दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेनं ठरावीक क्षेत्रांतल्या निर्यातदारांचे १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमधले हप्ते पुढे ढकलायची मुभा बँकांना दिली. निर्यातीचे पैसे परदेशातून आणायची मुदत ९ महिन्यांवरून १५ महिने केली.

तारखा परत वाचा. कर लागला २७ ऑगस्टला, हप्त्याची सवलत आली १४ नोव्हेंबरला. ७९ दिवस. सवलत सप्टेंबरपासूनची आहे खरी, पण सप्टेंबरचा हप्ता तर आम्ही सप्टेंबरमध्येच भरला होता. कसा भरला ते आईला विचारा, तिच्या पाटल्या कुठं आहेत म्हणून. हप्ता चुकवला असता तर सिबिल खराब, आणि एकदा ते खराब झालं की नोव्हेंबरची सवलत घ्यायला बँकेच्या पायरीवरसुद्धा कोण उभं करून घेतंय?

आणि ज्या अडचणीसाठी फेब्रुवारीत पैसे धरले होते, त्याची मंजुरी अडचण येऊन गेल्यावर नोव्हेंबरमध्ये निघते, याला तयारी म्हणत नाहीत. त्यात निर्यात कर्जावरच्या व्याजात सूट देणारी जुनी योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली होती. म्हणजे सगळ्यात वाईट वर्षात आपला निर्यातदार उतरला तो जुनी छत्री मोडलेली आणि नवीन अजून दुकानातच असलेली, अशा अवस्थेत.

तरीही नोव्हेंबरच्या बातम्या वाचून मी आप्पांच्या मागं लागलो. म्हटलं, "आप्पा, बँकेत जाऊन येऊया की." ते म्हणाले, "जाऊन काय करायचं गा? आपण कुठं एक्स्पोर्ट करतोय?" मी म्हटलं, विचारायला काय जातंय. गेलो. साहेबांनी नीट बसवून घेतलं, चहा दिला, खोटं कशाला सांगू. मग विचारलं, "३१ ऑगस्टला तुमच्या खात्यावर एक्स्पोर्ट क्रेडिट किती होतं?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आमचं मशीनचं टर्म लोन आहे आणि थोडीशी सीसी लिमिट. एक्स्पोर्ट क्रेडिट नाही, आयात-निर्यातीचा कोड नाही. साहेब म्हणाले, मग ही सवलत तुम्हाला नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. बाहेर आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "तुला सांगितलं होतं की."

माझी तक्रार त्या साहेबांवर नाही. तक्रार अशी आहे की ज्यानं ही सवलत लिहिली त्याच्या डोळ्यासमोर निर्यातदार म्हणजे बंदरावर ज्याच्या नावाचं बिल आहे तो. उद्यमबाग, मच्छे, नावगे, ऑटोनगर, पलीकडं शिनोळी, गोकुळ शिरगाव, शिरोली, सगळीकडं चित्र उलटं आहे. बंदरावर नाव असणारे थोडे, आणि त्यांच्यामागं पॅटर्न बनवणारा, कोअर बनवणारी बाई, फेटलिंगवाला, मशीनिंगवाला, रंगकामवाला, टेम्पोवाला. कर बसला सगळ्या साखळीवर, सवलत बसली पहिल्या कडीवर. ती पहिली कडी स्वतःचा हप्ता पुढे ढकलते तेव्हा आमचं बिल लवकर देते का? अजिबात नाही. उलट निर्यातीचे पैसे यायची मुदत १५ महिने झाल्यापासून आम्हाला ऐकायला मिळतं, "थांबा हो, तिकडनंच आलं नाही."

इथं एक गोष्ट आपल्या सगळ्या पोरांनी लक्षात ठेवावी, म्हणून जरा थांबून सांगतो. तिकडनं आलं नाही, हे कारण कायद्यात चालत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावंच लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, दर महिन्याच्या हिशोबानं. एप्रिल २०२४ पासून आयकराचाही फास आहे. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल मुदतीत दिलं नाही तर खरीददाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. आणि आपल्या सीमाभागासाठी सगळ्यात कामाचं कलम हे, की तक्रार जिथं माल देणारा आहे तिथल्या परिषदेकडं करायची, खरीददार देशात कुठंही असो. बेळगावच्या माणसाचे पैसे कोल्हापूरला अडकले तर त्याला कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही, आणि कागलच्या माणसाचे बेळगावला अडकले तर त्यालाही इकडं यायला नको.

पण यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते, आणि ती बिल फाडायच्या आधीची असलेली बरी. आता आपल्या घरातली गोष्ट. आप्पांनी ही नोंदणी २०२५ पर्यंत केली नव्हती. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते. पाच वर्षं मी त्याच घरात मोबाईल घेऊन बसलो होतो आणि मीही केली नव्हती. शेजारच्या शेडवाल्यानं तर कुठल्याशा बनावट साइटवर पैसे भरून घेतली. निम्मं काम बिलावर, निम्मं चिठ्ठीवर, हिशोब मार्चमध्ये सीएकडं टाकायचा, हे आपलं चालत आलेलं. मग मदत देणाऱ्यानं मदत द्यायची तरी कुणाला? आमची उलाढाल कागदावर दिसते त्यापेक्षा जास्त आहे, हे बँकेच्या साहेबांना सांगताना आप्पांची जीभ कशी अडखळली ते मी बघितलंय.

आणखी एक गैरसमज. 'सरकारची हमी' म्हटलं की लोकांना वाटतं कर्ज सरकार फेडणार. तसं नाही. हमी बँकेला असते. तुम्ही बुडालात तर बँकेचं नुकसान भरून निघेल, तुमचं कर्ज तुमच्याच डोक्यावर. तिचा उपयोग इतकाच की घर गहाण न टाकता कर्ज मिळू शकतं. निर्यातदार नसलेल्या आपल्यासारख्यांसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांची जुनी हमी योजना आहेच. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झाली आहे. पण ऑर्डर नसताना कर्ज घेऊन काय करायचं, हा आप्पांचा प्रश्न राहतो, आणि मला वाटतं तो बरोबर आहे. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, सही २४ जुलैची. त्याप्रमाणे तिकडं माल पाठवायला कुठली चाचणी लागेल, कुठलं सर्टिफिकेट लागेल, हे आज शेडमध्ये येऊन कुणी सांगितलं तर ती तयारी. नुसतं कर्ज म्हणजे पूर आल्यावर होडीसाठी हप्त्यावर पैसे देणं.

आता सीमेचं. शिनोळी आमच्या शेडपासून १५ किलोमीटरच्या आसपास. पण मधे राज्याची हद्द आहे. जीएसटीचा नियम असा, की एका राज्यातल्या मालकानं दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्कवाल्याकडं माल पाठवला तर ई-वे बिल लागतंच, माल कितीही किमतीचा असो. राज्यातल्या राज्यात किमतीची सूट असते, इथं नाही. दहा कास्टिंगचा नमुना आला तरी आधी बिल काढा. हे काम आमच्याकडं मी करतो, रात्री जेवल्यावर. त्रास मोठा नाही, पण हद्द रोज जाणवते ती अशी, पोर्टलवर. शिनोळीच्या कारखान्याला महाराष्ट्राच्या उद्योग धोरणाच्या सवलती, आम्हाला कर्नाटकाच्या. एकच माल, एकच साखळी, दोन सरकारांचे दोन वेगळे अर्ज, आणि दोघांनाही दुसऱ्या बाजूची निम्मी साखळी दिसत नाही.

व्यापारात खंड पडायला आम्हाला अमेरिकाच लागते असंही नाही. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगड पडले, तेव्हा आमचा टेम्पो दोन दिवस हलला नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत परत तणाव झाला, दोन्हीकडच्या बस थांबल्या, चंदगडचा पोरगा पाळीला येऊ शकला नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोगनोळीला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. चोर्ला घाट बंद पडला की बेळगावची भाजी गोव्याला पोचत नाही आणि इथं शेतकऱ्याच्या दारात सडते. म्हणजे खंड पडणं ही आमच्याकडं नवलाई नाही, दर दोन-तीन वर्षांनी येणारी गोष्ट आहे. आणि जी गोष्ट येणार हे माहीत आहे तिच्यासाठी एक टेबल, एक फोन नंबर, एक माणूस दोन्ही राज्यांनी मिळून नेमलेला नाही. बसून बोलायची जागासुद्धा नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं विभागीय परिषदा केल्या, त्यात महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. शेजारी आहोत, पण पंगत वेगळी.

दोन सरकारांनी मिळून अशी एक खिडकी उघडलेली जगात कुठं आहे का, असं कुणी विचारेल. आहे. आयर्लंडच्या बेटावर जवळपास ५०० किलोमीटरची सीमा आहे. उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडं, बाकीचा स्वतंत्र देश. त्या सीमेवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त सांडलंय. १९९८ च्या शांतता करारातून दोन्ही बाजूंनी मिळून 'इंटरट्रेडआयर्लंड' नावाची संस्था काढली, दोन्हीकडच्या पैशांवर चालणारी, छोट्या धंद्यांनी सीमा ओलांडून व्यापार करावा म्हणून. ऑफिस न्यूरी गावात, सीमेच्या अगदी लगत. आपल्याकडं निपाणीत असावं तसं. २०१६ च्या जूनमध्ये ब्रिटननं युरोपीय संघ सोडायचं ठरवल्यावर या संस्थेनं छोट्या धंद्यांना २,००० पौंड किंवा २,२५० युरोपर्यंतची व्हाउचर दिली. पैसे हातात नाहीत, सल्ल्यासाठी. आपला माल कुठल्या कोडखाली येतो, कर किती बसेल, कागद कुठले लागतील, कच्चा माल दुसरीकडून घेता येईल का, हे एखाद्या जाणकाराकडून नीट समजून घ्यायचं आणि त्याची फी व्हाउचरमधून. प्रत्यक्ष बदल झाला १ जानेवारी २०२१ ला. त्यांना साडेचार वर्षं मिळाली, आपल्याला २१ दिवस, ही तुलना पूर्ण बरोबरीची नाही हे मान्य. पण संस्था आधीपासून उभी होती म्हणून त्या साडेचार वर्षांचा उपयोग झाला. उद्या आपल्याला साडेचार वर्षं मिळाली तरी जायचं कुठं?

म्हणून आमचं मागणं साधं आहे, आणि ते दोन्ही राज्यांकडं आहे. कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्री आणि मशीनिंगवाल्यांसाठी एक सामाईक कक्ष हवा, दोन्ही बाजूच्या जिल्हा उद्योग केंद्रांनी मिळून चालवलेला. निर्यातीवर आपत्ती आली की सवलत पुरवठादारापर्यंत जावी. निर्यातदाराच्या बिलांवरून आणि जीएसटीच्या रिटर्नवरून कुणाचा किती माल त्या साखळीत जातो ते सरकारला आजही दिसतं, नवीन दाखला कशाला हवा? कर लागल्याच्या दिवसापासून हप्ते आपोआप थांबावेत, ७९ दिवसांनी मागच्या तारखेनं नकोत. आणि माहिती माणसाच्या भाषेत द्यावी. बेळगावात योजनेचं पत्रक मराठीत मिळायला हवं, तसंच जतच्या किंवा अक्कलकोटच्या कानडी कारखानदाराला महाराष्ट्र सरकारनं ते कानडीत द्यायला हवं. मी स्वतः कानडी वाचतो, पण अटी-शर्तींची बारीक ओळ आप्पांना वाचून दाखवताना मलाही दोनदा अडायला होतं, आणि त्या एका ओळीतच सगळं असतं.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेड आहे, लूम आहे, दुकान आहे, त्यांनी या सुट्टीत वडिलांच्या शेजारी अर्धा तास बसा. उद्यम नंबर आहे का बघा. नसेल तर काढा, सरकारी साइटवर, कुणाला एक रुपया न देता. कुणाकडून किती येणं आहे आणि ४५ दिवस कुणाचे उलटलेत ते एका वहीत मांडा. कुठं अडलं तर पेजवर विचारा, मला जमेल तेवढं सांगतो.

आमची वही मी मागच्या रविवारी मांडली. ४५ दिवस उलटून गेलेली बिलं सात निघाली. त्यातली पाच त्याच फाउंड्रीची, जिच्यावर आमची शेड चालते. तक्रार केली तर पैसे मिळतील, पण काम राहील का, यावर आप्पा अजून काही बोललेले नाहीत. सवलतीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचीच होती, म्हणजे ज्यांनी ती घेतली त्यांचेही हप्ते त्यानंतर सुरू, आणि मग आमची बिलं आणखी मागं पडणार, असा माझा अंदाज आहे. उद्या सकाळी शिनोळीहून टेम्पो येतोय. चाळीस नग आहेत. ई-वे बिल आलंय का ते बघायचं राहिलंय.